डावीकडे सात

मशीनवाल्याने दोन्ही बाजू सारख्या करून टाकल्या, आणि वर "झालं ताई, आता कसं नीट झालं," असंही म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर भिंतीवरची वाकडी तसबीर जाता जाता सरळ करावी, तसं त्याने ते केलं. तो आला होता वेगळ्याच कामाला. तिच्या कॉम्प्युटरमध्ये दोन नवी ग्राफिक्स कार्डं बसवायची होती आणि जुनं साउंड कार्ड काढायचं होतं. पण माणूस शिस्तीचा. मशीन उघडण्याआधी आतली सगळी सेटिंग्ज वहीत उतरवून घ्यायची ही त्याची पद्धत, आणि उतरवता उतरवता त्याने स्क्रीनवर साउंड कार्डाची, आवाज कमी-जास्त करायची ती खिडकी उघडली, जी गेल्या तीन वर्षांत तिच्याशिवाय कुणीही उघडली नव्हती. उजवीकडे शून्य. डावीकडे सात. "हे कुणी करून ठेवलंय?" असं स्वतःशीच पुटपुटत त्याने साताचं शून्य केलं. ती तेव्हा शेजारच्या खुर्चीत हेडफोन लावून, मशीन उघडायच्या आत जेवढं उरकेल तेवढं उरकावं म्हणून, एका पिक्चरमधला बाजाराचा तुकडा ऐकत होती. बघता बघता बाजाराची डावी बाजू उठून गेली. फळवाली, हातगाडीची चाकं, घासाघीस करणारी दोन माणसं, सगळे उजवीकडे गोळा होऊन एकमेकांच्या अंगावर ओरडायला लागले, आणि डावीकडे नुसती जाड, पांढरी शांतता राहिली.

तिने हेडफोन काढला नाही. चेहराही हलू दिला नाही. पण चोरी उघडी पडताना चोराला वाटत असेल तसं तिला वाटलं, आणि हा विचार आल्याबरोबर तिला त्या विचाराचाच संताप आला. चोरी कसली? कुणाच्या ताटातलं काय पळवलं होतं तिने? आपलंच काहीतरी गेलं होतं आणि ते आपण गुपचूप भरून काढलं होतं, एवढंच. पण हे मशीनवाल्याला कसं सांगणार, आणि का सांगायचं? "छान," ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाजही तिला उजवीकडूनच ऐकू आला.

ही कंपनी दुसऱ्यांचे पिक्चर पूर्ण करून देणारी. कुणीतरी कुठेतरी चित्रीकरण करतं, आणि मग ते सगळं इथे येतं. पहिल्या खोलीत जोडाजोड, दुसऱ्या खोलीत रंग, आणि कॉरिडॉरच्या टोकाला, दोन दारं एकापाठोपाठ लावावी लागतात अशा खोलीत आवाज. आवाज म्हणजे ती. एकवीस वर्षं. मालक आणि ती एकाच टेबलावर कामाला लागले होते, तो मालक व्हायच्या कितीतरी आधी, तेव्हा दोघांत मिळून एकच हेडफोन होता. पुढे त्याने कंपनी काढली, माणसं वाढली, आणि हळूहळू तिला नावाने हाक मारणारं ऑफिसात कुणी उरलं नाही. सगळे तिला 'कान' म्हणायला लागले. "कानाला ऐकवलं का?" "कान हो म्हणाला तरच पुढे पाठवा." बाहेरचे दिग्दर्शकसुद्धा फोनवर विचारत, "कान आहे का जागेवर?" तिला ते आवडायचं. खोटं कशाला बोला, चांगलंच आवडायचं. एखाद्याला साहेब म्हटल्यावर जसा तो थोडा ताठ चालतो, तशी ती त्या नावाने थोडी ताठ चालायची. गेली तीन वर्षं मात्र कुणी तशी हाक मारली की तिच्या मानेत एक बारीकसा झटका येई, आणि मग ती वळे, नेहमी उजवीकडून.

ग्राफिक्स कार्डांची भानगड रंगाच्या खोलीने काढली होती. तिथे काम करणारी मुलगी, जिला सगळे रंगवाली म्हणत, कामाला वाघ होती आणि बोलायला त्याहून. आता पिक्चर एवढे मोठमोठे यायला लागले होते की रंग चढवून झाल्यावर अख्खा पिक्चर शेवटच्या फायलीत तयार करून काढायला एका मशीनला दोन-दोन दिवस लागत. तीन ग्राफिक्स कार्डं एकाच मशीनमध्ये बसवली तर हेच काम संध्याकाळी लावून सकाळी नऊला हातात. आणि तीन कार्डं मावतील एवढं कॅबिनेट ऑफिसात एकच होतं, तिचं. तिने ते मोठं घेतलं होतं ते आत हवा खेळावी, पंखे सावकाश फिरावेत, आवाज होऊ नये म्हणून. आता त्याच मोठेपणामुळे ही धोंड तिच्या गळ्यात आली होती. दिवसा मशीन तिचं, तिची पाळी संपली की रंगवालीचं. "तुम्हाला कळणारसुद्धा नाही," रंगवाली म्हणाली होती. आवाजाच्या खोलीत आणखी सहा पंखे येणार आणि तिला कळणार नाही. कानाला कळणार नाही! ती तेव्हा नुसती हसली होती.

हिशेब जागेचा होता. नवी दोन कार्डं विटेसारखी जाड. मदरबोर्डावर एका खाली एक खाचा असतात, त्यात एकेक कार्ड उभं खोवायचं. पहिली वीट बसली की तिच्या पोटाखालच्या दोन खाचा झाकल्या जातात. दुसरी बसली की आणखी दोन. मग तळाला एकच खाच उरते. त्या खाचेवर दोघांचा डोळा होता. एक मशीनमधलं जुनं, पातळ ग्राफिक्स कार्ड, म्हणजे तिसरं, आणि दुसरं तिचं साउंड कार्ड. खाच एक आणि दावेदार दोन. वाद झालाच नाही, कारण साउंड कार्डाची बाजू मांडायला कुणी नव्हतं. मदरबोर्डावर साधा साउंड असतोच, तो चालेल, असं ठरलं. त्याला तिन्ही खोल्यांचं मिळून एकच सेटिंग राहील, सकाळी मशीन सुरू झालं की आपोआप तेच लागेल, म्हणजे कुणी हात लावून गोंधळ घालायला नको. आणि साउंड कार्ड तसंही बादच झालेलं होतं. डावीकडून बारीक येतं त्यातून, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. ठाऊक कसं? तिनेच सांगितलं होतं. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी सहज तिचा हेडफोन कानाला लावला आणि "डावीकडे मोठं येतंय का हो?" असं विचारलं, तेव्हा ती चटकन म्हणाली होती, "कार्ड म्हातारं झालंय. डावी बाजू बसलीय त्याची. अंदाज येत नाही, म्हणून वाढवून ठेवलीय." काय बोलतोय हे कळायच्या आत बोलून गेली होती. तेव्हापासून बिचाऱ्या कार्डाचं नाव खराब झालं ते झालंच.

मशीनवाल्याने मशीन बंद केलं, टेबलावर आडवं घातलं, बाजूचा पत्रा सरकवला. कामाला हात घालण्याआधी त्याने कॅबिनेटच्या लोखंडाला तळहात टेकवला, अंगातली वीज उतरावी म्हणून, आणि क्षणभर तसाच उभा राहिला. मग ब्रशने धूळ झाडली. एकेक स्क्रू काढून टेबलावरच्या कागदावर ज्या जागेचा त्या जागी ठेवला. जुनं, पातळ ग्राफिक्स कार्ड त्याने उपसून बाजूला एका खोक्यात ठेवलं. नवी कार्डं खोक्यातून अशी काढली की जणू बाळंतिणीच्या खोलीतून बाळ बाहेर आणतोय. ती बघत होती. पहिली वीट खट्‌कन बसली. दुसरी बसेना, एक तार आडवी येत होती, ती त्याने बोटाने हलकेच मागे सारली, तशी तीही बसली. मग त्याने तळाच्या साउंड कार्डाचा स्क्रू काढला, दोन्ही टोकांना धरून कार्ड थोडं डुलवलं आणि उपसून वर काढलं. पंजाएवढं हिरवं कार्ड, कडेला धुळीची रेघ. सोळा वर्षं ती त्यातून ऐकत आली होती आणि त्याचं तोंड आज पहिल्यांदा बघत होती. तिला वाटलं, यालाच आपण तीन वर्षं बदनाम केलं. सगळ्यांसमोर, स्वतःची कातडी वाचवायला. तिला शरम वाटली, आणि शरमेच्या मागोमाग, का कुणास ठाऊक, भूक लागली.

दाराचा आवाज होता तो. सगळं सुरू झालं तीन वर्षांपूर्वी, एका दाराने. पिक्चरमध्ये एक बाई डावीकडच्या दारातून कायमची निघून जाते, आणि दार हलकेच लागतं. ते तिच्या कानात लागलंच नाही. तिने पुन्हा लावलं, पुन्हा नाही. तिने तंत्रज्ञाला हाक मारून वायर बदलायला लावली, दुसरा हेडफोन मागवला, आणि मग, खोलीत एकटी असताना, तिने हेडफोन उलटा घातला. डावं उजव्या कानाला, उजवं डाव्या कानाला. आता शांतता उजवीकडे जायला हवी होती. वायरीत, हेडफोनमध्ये, कार्डात, कशातही दोष असता तर ती उजवीकडे गेली असती. ती गेली नाही. ती डावीकडेच राहिली. तिने तो उलटा हेडफोन काढून ठेवला. मग उठून बेसिनपाशी गेली, आरशात स्वतःकडे न बघता एकेका कानापाशी चुटकी वाजवली. उजवीकडे चुटकी वाजली. डावीकडे बोटं एकमेकांना लागली, एवढंच. परत येऊन तिने उरलेला सीन पुरा केला, दार डोळ्यांनी मीटर बघून लावलं, आणि त्या दाराचं पुढे लोकांनी फार कौतुक केलं. कौतुक ऐकताना तिला हसावं की रडावं कळेना.

कानाच्या डॉक्टरकडे एक काचेची खोली असते. आत बसवतात, हेडफोन लावतात, हातात बटण देतात. आवाज आला की दाबा. तिला हसूच आलं होतं, आयुष्यभर हेच केलं आणि आता याची परीक्षा. उजवा कान फाडफाड झाला. डाव्याला काही येईना. मग तिने काय केलं, तर ताल धरला. उजवीकडचे आवाज साधारण किती वेळाने येत होते ते तिच्या अंगात बसलं होतं, त्याच तालावर ती बटण दाबत राहिली. बाहेर बसलेल्या तपासणीच्या बाईने काचेवर टकटक केलं. दार उघडून ती म्हणाली, "अहो, मी आवाज दिलाच नव्हता." ओरडली नाही, हसलीही नाही, नुसती म्हणाली. जन्मात एवढी नामुष्की झाली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, आतली नस आहे, गेलेलं परत यायचं नाही, आणखी किती जाईल सांगता येणार नाही. यंत्र लावा. ती तिथून निघाली आणि सरळ ऑफिसात येऊन त्या कार्डाची खिडकी उघडून बसली. एक, दोन, तीन करत वाढवत नेलं. सातावर सीन दोन्ही बाजूंनी भरला, दार डावीकडे लागलं, जग आपल्या जागी बसलं. तिने ते तिथे ठेवलं आणि खिडकी मिटली.

पुढे ती या विद्येत तयार झाली. ग्राहकांचा सोफा तिने डावीकडून उजवीकडे हलवला, सबब एसीच्या वाऱ्याची. जेवणाच्या टेबलावर कोपऱ्यातली खुर्ची धरली, डावीकडे भिंत येईल अशी. स्पीकरवर ऐकताना खुर्ची वीतभर डावीकडे सरकवायची, ग्राहक आले की परत मधोमध आणायची. गालिच्यावर चाकांच्या दोन जोड्यांचे खळगे पडले होते. रस्त्याने चालताना बरोबरच्या माणसाच्या डावीकडे व्हायचं. या शेवटच्या बाबतीत एक झालं. एकदा संध्याकाळी नवऱ्याबरोबर चालताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला बाजू बदलावीच लागली नाही. तो आधीच तिच्या उजवीकडे होता. दुसऱ्या दिवशीही. रस्ता ओलांडला तरी फेरा घेऊन तो उजवीकडेच यायचा. तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं आणि त्याने कधी विचारलं नाही. तो चालता चालता गाड्यांना शिव्या देत होता, नेहमीसारखा. तिला तेव्हा भर रस्त्यात त्याचा हात धरावासा वाटला. तिने तो धरलाही.

पण नवऱ्याचं वेगळं. ऑफिसला कळलं तर काय होईल हे तिला ठाऊक होतं, कारण घरात कळलं की काय होतं ते तिने पाहिलं होतं. आईला शेवटच्या आठ-दहा वर्षांत ऐकू येत नव्हतं. सुरुवातीला ती विचारायची, "काय म्हणालात गं?" सगळे हसत असले की मान पुढे काढून, आपणही हसायच्या तयारीने विचारायची. आणि सगळे म्हणायचे, "काही नाही." थोरल्या बहिणीचा नवरा ओरडून सांगायचा, मुद्दाम भलतंच सांगायचा, आणि आईने भलतंच उत्तर दिलं की घर पुन्हा हसायचं. ती स्वतः काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. कामावर जायच्या घाईत, पायात चपला सरकवत, किती वेळा तिनेही "काही नाही गं आई" असं म्हटलं होतं, आणि ते सुद्धा पाठ फिरवून. म्हणजे आईला तेही ऐकू गेलं नसणार. मग आईने विचारणं सोडून दिलं. कुणीही काहीही म्हटलं की ती मान डोलवायची. जेवलीस का, डोलवायची. औषध घेतलं का, डोलवायची. तुझ्या त्या कपाटातलं आम्ही काढून टाकू का, त्यालाही डोलवायची. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारी समजूतदार आहे. घराला आवाजात काम करणारी मुलगी होती आणि त्याच घरात तिची आई एकेक शब्द हरवत गेली, ही गोष्ट तिला आता तीन वर्षं रोज चावत होती. आपण मान डोलावणार नाही, असं तिने ठरवलं होतं. आणि तरी तीन वर्षं ती दुसरं काय करत होती?

"ताई," मशीनवाला म्हणाला. तो उजवीकडे उभा होता, सुदैवाने. "टाकून द्यायच्या आधी एकदा तपासून घेतो. मला सवय आहे." त्याने पिशवीतून आपलं तपासणीचं छोटं उघडं मशीन काढलं, त्यात साउंड कार्ड खोवलं, दोन्ही बाजूंनी एकच सूर सोडला आणि मीटर लावला. त्याच वेळी मालक आणि रंगवाली आत आले. शुक्रवारी एक मोठा पिक्चर द्यायचा होता, आज संध्याकाळपासून मशीन लागणार का, हे त्यांना बघायचं होतं. मालकाने नव्या विटांवरून हात फिरवला. रंगवालीने जुनं, पातळ ग्राफिक्स कार्ड खोक्यातून काढून तयारच ठेवलं, तळाच्या खाचेसाठी. मशीनवाला मीटरकडे बघत राहिला. त्याने वायरी उलट करून पुन्हा मोजलं.

"कार्ड ठणठणीत आहे," तो म्हणाला. "दोन्ही बाजू सारख्या. केसाचा फरक नाही."

"असं कसं?" मालक म्हणाला. "डावीकडून बारीक येत होतं ना त्यातून?"

"नाही येत. मीच तर मघाशी सातचं शून्य केलं. डावीकडे सात वाढवून ठेवलं होतं कुणीतरी."

रंगवालीच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागत नसे. "एक मिनिट," ती म्हणाली. "कार्ड जर चांगलं होतं, आणि डावीकडे सात जास्त लावून सगळं ऐकलं जात होतं, तर आजवर इथून गेलेल्या प्रत्येक पिक्चरमध्ये डावी बाजू सातने कमीच गेली असणार. तीन वर्षं?" तिने हे कुणाला टोचावं म्हणून म्हटलं नव्हतं. तिला खरंच काळजी वाटली होती. मालकाचा चेहरा उतरला. तो मनातल्या मनात पिक्चरांची नावं मोजतोय हे तिला दिसत होतं. त्याचे ओठ तसे हलायचे, एका टेबलावर बसायचे तेव्हापासून.

तेव्हा मशीनवाल्यालाच तिची दया आली असावी. "हेडफोनची डावी बाजू बसली असेल," तो म्हणाला. "होतं असं. म्हणून ताईंनी वाढवलं असेल. म्हणजे पिक्चर बरोबरच गेलेत."

"हो, हेडफोनच!" मालकाने ते लगेच उचललं. सुटल्यासारखा तो हसलासुद्धा. "हेडफोनच असणार. आजच नवा मागवतो. बोलायचं नाहीस का, वेडे? हो ना? हेडफोनच ना?"

सगळे तिच्याकडे बघत होते. किती सोपं होतं ते. एकदा मान हलवली की झालं. कार्डाच्या जागी हेडफोन, आणि हेडफोन गेला की त्याच्या जागी आणखी काहीतरी, स्पीकर, खोली, वायर. वस्तूंना काय, त्या बिचाऱ्या कधी उलट बोलत नाहीत. उद्यापासून सारखं सेटिंग, दोन्हीकडे शून्य, आणि ती मीटरकडे बघून, तालावर, अंदाजाने दारं लावत बसणार, बाहेर कुणीतरी काचेवर टकटक करेपर्यंत. तिच्या मानेत हालचाल सुरू झालीही होती. ती तिला स्पष्ट जाणवली, हनुवटी खाली यायला निघालेली. आणि तिला असा राग आला की कानशिलं तापली. आईचा राग, त्या हसणाऱ्या घराचा, स्वतःच्या चपला सरकवणाऱ्या पायांचा, आणि या भल्या माणसांचा, ज्यांना फक्त एक 'हो' हवं होतं.

"हेडफोन चांगला आहे," ती म्हणाली. "कान गेलाय. माझा. डावा."

मालकाला वाटलं ती थट्टा करतेय. मग त्याला तसं वाटेनासं झालं.

"तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "डावीकडून मला कमी येतं. म्हणून मी डावीकडे वाढवून ऐकते. वाढवलं की मला दोन्ही बाजू सारख्या येतात, तुम्हाला येतात तशाच. पिक्चर बरोबर गेलेत. एकूण एक बरोबर गेलाय. काढ बाहेर, लाव मीटर, बाहेरून कुणाला आणायचं त्याला आण. मी इथेच बसलेय."

"पण तू सांगितलं का नाहीस?" मालक म्हणाला. त्याला खरोखरच लागलं होतं, आणि ते बघून तिचा राग ओसरायला हवा होता. ओसरला नाही.

"सांगितलं असतं तर ठेवलं असतंस?"

"हे काय बोलणं झालं!"

"बोलणं नाही, प्रश्न आहे. ठेवलं असतंस?"

तो रंगवालीकडे बघायला लागला. रंगवाली हातातल्या कार्डाकडे बघायला लागली. मशीनवाल्याने एक स्क्रू उचलून पुन्हा त्याच जागी ठेवला. "माहीत नाही," मालक शेवटी म्हणाला.

"बरं झालं खरं बोललास. म्हणूनच नाही सांगितलं." तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "तुझ्या नाकावर काय आहे? चष्मा. तू तो काढून एक कागद वाचून दाखव मला. आणि चष्मा लावून तू जे करार वाचलेस ते सगळे चुकीचे वाचले, असं मी म्हटलं तर?"

"चष्म्याची गोष्ट वेगळी."

"का वेगळी? डोळा म्हातारा झाला तर माणूस विद्वान दिसतो आणि कान म्हातारा झाला तर हसं होतं, एवढाच फरक आहे." बोलता बोलता तिला जाणवलं की आपला आवाज चढलाय. खोलीला बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून बांधलेलं होतं, पण दोन्ही दारं उघडी होती आणि कॉरिडॉरमधली टाइप करण्याची टकटक थांबली होती. थांबू दे. ऐकू दे. ज्यांना ऐकू येतं त्यांनी ऐकावं.

"ग्राहकांना काय सांगू मी?" मालक म्हणाला, हळू आवाजात.

"तू काही सांगू नकोस. मीच सांगेन. ज्याला नको असेल तो दुसरीकडे जाईल." जातील. काही जण नक्की जातील. एकवीस वर्षांनी फोन वाजायचा कमी होईल, आणि एखाद्या दिवशी हा चष्मेवाला आत येऊन, दार नीट लावून, फार मऊ बोलेल. तिला ते आत्ताच ऐकू येत होतं, त्याला कान लागत नव्हता. पण बोललेलं परत घ्यायची तिची इच्छा नव्हती. उलट आणखी बोलावंसं वाटत होतं. तिने मशीनवाल्याकडे वळून म्हटलं, "तळाच्या खाचेत साउंड कार्ड लावा."

"आणि तिसरं ग्राफिक्स?"

"राहू दे बाहेर."

"मग माझं काम?" रंगवाली म्हणाली. रंगवालीने हे विचारलं याचं उलट तिला बरं वाटलं. आजारी माणसाशी बोलावं तसं ती बोलत नव्हती. "दोन कार्डांवर नऊला संपायचं ते बाराला संपेल."

"मग मी बाराला येईन आणि उशिरा जाईन. तुझं काम झाल्याशिवाय मशीनला हात लावणार नाही. चालेल?"

रंगवालीने मनाशी हिशेब केला. "शुक्रवारपर्यंत चालेल. पुढचं पुढे बघू," ती म्हणाली, आणि जुनं ग्राफिक्स कार्ड परत खोक्यात घालायला लागली.

"मी अजून हो म्हटलेलं नाही," मालक म्हणाला.

"मी अजून विचारलेलं नाही," ती म्हणाली.

मशीनवाल्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्याने कॅबिनेटच्या लोखंडाला तळहात टेकवला आणि साउंड कार्ड उचललं. दोन विटांच्या खाली ते अंग चोरून बसलं, पंख्यापासून बोटभर अंतरावर. "उष्णता लागेल याला," तो म्हणाला. "वर्षभर बघा. तक्रार आली तर मला बोलवा." त्याने पत्रा लावला, कागदावरचे स्क्रू एकेक करून संपवले, मशीन उभं केलं आणि बटण दाबलं. नवे पंखे एकदम घोंगावले, मग खाली बसले. मालक गेला नव्हता. तो दारापाशी हाताची घडी घालून उभा होता, म्हणजे तिच्या डावीकडे. तो मधे काहीतरी बोलला. ते तिला कळलं नाही, आणि कळलं नाही हे तिने लपवलंही नाही. "इकडून ये आणि परत म्हण," ती म्हणाली. त्याला एक क्षण लागला. मग तो टेबलाला वळसा घालून आला, आणि "नंतर बोलू" असं काहीतरी म्हणाला, जे वळसा घालून सांगण्यासारखं नव्हतं.

मशीनवाल्याने कार्डाची खिडकी उघडली. दोन्हीकडे शून्य. "सात ना ताई? माझ्या वहीत आहे."

तिने हेडफोन चढवला. बाजार सुरू केला. गर्दी पुन्हा उजवीकडे दाटीवाटीने ओरडायला लागली. त्याने डावी बाजू एकेक वाढवत नेली, आणि एकेक माणूस परत आलं, आधी हातगाडी, मग घासाघीस, मग फळवाली. सात आले. तो थांबला. पडद्यावर दिसणारं ते रडणारं पोर अजून आलं नव्हतं. गेलं वर्षभर ते असंच येत नव्हतं, कुठल्याच पिक्चरमधलं, आणि गेलं वर्षभर ती साताच्या पुढे हात नेत नव्हती, कारण सात म्हणजे थांबलेलं, आणि आठ म्हणजे अजून जातंय. तेवढं ती मीटर बघून भागवत आली होती.

"नाही," ती म्हणाली, खोलीत आणि कॉरिडॉरमध्येही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "सात पुरत नाहीत आता. आठ करा."

मालकाने तिच्याकडे पाहिलं. तिनेही त्याच्याकडे पाहिलं, आणि तो नजर वळवेपर्यंत वळवली नाही. मशीनवाल्याने आठ केलं आणि वहीत सात खोडून आठ लिहिलं. डावीकडे, अगदी जवळ, पोर भोकाड पसरून रडायला लागलं.